सोलापुरात मांजर पाळणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न: आजार ओळखणं आणि टाळणं

मांजर आजारी आहे हे घरातल्यांच्या लक्षात येतं, तोवर त्या आजाराला बहुधा दोन-चार दिवस होऊन गेलेले असतात. कुत्रं कण्हतं, लंगडत येऊन पायाशी बसतं. मांजर कपाटामागे जातं आणि गप्प पडून राहतं. म्हणून खालच्या उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: ताटलीत किती उरलं आणि शी-लघवीच्या ट्रेमध्ये काय पडलं, हे रोज बघायचं. मी डॉक्टर नाही. पाळलेली, सोडून दिलेली, गल्लीतली अशी सगळ्या तऱ्हेची मांजरं सांभाळता सांभाळता आणि दवाखान्याच्या बाकावर बसून जे शिकले, ते इथे आहे. औषधांची मात्रा मुद्दाम लिहिलेली नाही. ती वजन बघून डॉक्टरांनीच ठरवायची.

मांजर आजारी आहे हे कशावरून ओळखायचं?

आधी खाण्यावरून. एक वेळ तोंड लावलं नाही तर लगेच घाबरू नका, शेजारच्या काकूंनी काहीतरी घातलेलं असू शकतं. पण पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही, तर दुसऱ्या दिवशी दवाखाना. लठ्ठ मांजराच्या बाबतीत तर जास्तच घाई करा. ते उपाशी राहिलं की अंगावरची चरबी यकृतात जाऊन साठते आणि काही दिवसांत कावीळ दिसायला लागते. "चांगलं गुबगुबीत आहे, चार दिवस नाही खाल्लं तर काय बिघडतंय?" असं म्हणणारे भेटतात. बिघडतं, आणि जीवावर बेततं.

मग अंगाकडे बघा. निरोगी मांजर दिवसाचे कितीतरी तास स्वतःला चाटण्यात घालवतं. चाटणं सुटलं की पाठीवरचे केस उभे, तेलकट आणि गुठळ्यांचे दिसू लागतात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा अर्ध्यावर आलेला दिसला, तर आत काहीतरी चाललेलं आहे. ओठ वर करून हिरड्या बघायची सवय लावून घ्या. गुलाबी असतील तर ठीक. पांढुरक्या म्हणजे रक्त कमी, पिवळट म्हणजे कावीळ, निळसर-जांभळट म्हणजे श्वासाची अडचण आणि तिथून थेट दवाखाना. भगव्या मांजरांच्या ओठांवर, हिरड्यांवर वयाप्रमाणे काळे ठिपके येतात. तो आजार नाही.

झोपलेल्या मांजराचे श्वास मोजणं सगळ्यात सोपं. मिनिटाला ३० च्या आत असावेत. तोंड उघडं टाकून धापा टाकणारं मांजर ही कधीही साधी गोष्ट नसते. ताप मात्र हाताने कळत नाही, कारण मांजराचं नेहमीचं तापमानच १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. आणि गुरगुरतंय म्हणजे मजेत आहे असंही समजू नका. दुखत असतानाही मांजर गुरगुरतं.

आमचा बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कुंथतोय, पण काही होत नाही. एरंडेल देऊ का?

एरंडेल राहू द्या, रिक्षा बोलवा.

हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय, आणि प्रत्येक वेळी घरच्यांना वाटत असतं की शी अडकली आहे. बोक्याच्या बाबतीत पहिली शंका लघवी अडकल्याची धरायची. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. खडे, बारीक वाळूसारखे कण किंवा सुजेमुळे सुटलेला चिकट द्रव तिथे बुचासारखा बसतो. मूत्राशय भरत जातं, मूत्रपिंडांवर दाब येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि त्याने हृदय थांबतं. पूर्ण अडकलेला बोका एक-दोन दिवसांत जाऊ शकतो. दुसऱ्या दिवशी तो ओकायला लागतो, निपचित पडतो, आणि घरचे म्हणतात, "आता कुंथत नाहीये, बरं वाटतंय वाटतं."

खुणा: वारंवार ट्रेमध्ये जाणं, थेंब-थेंब किंवा काहीच न होणं, लघवीला बसल्यावर ओरडणं, पार्श्वभाग सतत चाटणं, फरशीवर किंवा मोरीत गुलाबी थेंब. पोटाला हात लावून दाबून बघू नका, तट्ट भरलेलं मूत्राशय फुटू शकतं. डॉक्टर भूल देऊन नळी घालतात, सलाईन लावतात. नळी काढल्यावर काही दिवसांत पुन्हा अडकणंही होतं, म्हणून घरी आल्यावर आठवडाभर ट्रेवर पहारा ठेवा.

टाळायचं कसं? पाणी पोटात जास्त गेलं पाहिजे. नुसत्या कोरड्या दाण्यांवर असलेल्या बोक्याला ओलं खाणं सुरू करा, दाण्यांत पाणी मिसळा. दुसरं कारण ताण. घरात पाहुणे, नवं मांजर, रंगकाम, आणि आपल्याकडे गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम. त्या रात्री आसपासच्या घरांतल्या मांजरांना आतल्या खोलीत, पंखा लावून, लपायला खोका देऊन ठेवा. ताणाने मूत्राशयाला सूज येते ही डॉक्टरांनी मान्य केलेली गोष्ट आहे.

अंग गरम लागतंय. पॅरासिटामॉलची पाव गोळी चालेल का? लहान मुलांचं सिरप?

नाही. पाव नाही, चिमूटभर नाही, सिरपही नाही. ते पचवून बाहेर टाकायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात पुरेशी नसते. औषधाचं विष होतं, रक्त ऑक्सिजन वाहणं सोडतं, हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. एका गोळीत मांजर मरतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन हेही घरच्या डब्यातून द्यायचे नाहीत. चुकून दिलं गेलं असेल तर लपवू नका, डॉक्टरांना गोळीचं पाकीट दाखवा. पहिल्या काही तासांत उपाय असतो.

आमच्याकडे शिलाईचं काम चालतं, शेजारी लूम आहे. मांजर दिवसभर दोऱ्याशी खेळतं. खेळू द्यायचं ना?

पूर्व भागातल्या घराघरात हे चित्र आहे: मशीनखाली सुताच्या तुकड्यांचा ढीग आणि त्यात लोळणारं पिल्लू. फोटो छान येतो. पण सोलापूरच्या मांजरांना असलेल्या धोक्यांत मी दोरा खूप वर ठेवीन.

मांजराची जीभ खरखरीत असते आणि तिच्यावरचे काटे आत वळलेले असतात. तोंडात गेलेला दोरा बाहेर थुंकता येत नाही, तो गिळावाच लागतो. मग एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठरात अडकतं, उरलेला दोरा आतड्यात पुढे सरकत राहतो, आणि आतडं त्या दोऱ्यावर चुण्या पडल्यागत गोळा होत जातं. पुढे दोरा आतडं कापतो. सुई ओवलेली असेल तर आणखी वेगळं संकट.

दिसतं काय? ओकाऱ्या, खाणं बंद, पोटाला हात लावू न देणं, कोपऱ्यात पाठ वाकवून बसणं. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ते ओढू नका. दुसरं टोक कुठे अडकलंय ते आपल्याला दिसत नसतं. ओढलं की आतडं चिरतं. टोक तसंच ठेवून डॉक्टरकडे न्या. बऱ्याचदा ऑपरेशन लागतं. लवकर झालं तर मांजर चांगलं उठतं.

काम संपलं की दोरे झाडून झाकणाच्या डब्यात टाका, सुया डबीत ठेवा. खेळायला कागदाचा बोळा किंवा मोठा चेंडू द्या. संक्रांतीचा मांजा, राखीचा गोंडा, मटण बांधून आलेली सुतळी हेही त्याच यादीत. सुतळीला तर मटणाचा वास असतो, ती आधी जाते.

घरी विड्या वळतो. तंबाखूचा काही त्रास होतो का?

होतो. सुपात पसरलेल्या तंबाखूत मांजर बसलं की भुकटी केसांना लागते आणि चाटताना पोटात जाते. निकोटीन थोडंसुद्धा पुरतं: लाळ गळते, उलट्या होतात, अंग थरथरतं, नाडी धावते. सूप मांडलं की मांजर दुसऱ्या खोलीत, असा नियमच करा. सूप उचलल्यावर ती जागा ओल्या फडक्याने पुसा.

फिनाईलचंही सांगून टाकते. पांढरं पाणी होणारी जी फिनाईलं असतात, ती मांजराला घातक. ओल्या फरशीवरून चालायचं, मग पंजे चाटायचे, हा मांजराचा रोजचा क्रम. साबणाच्या पाण्याने फरशी पुसा, आणि वाळेपर्यंत मांजराला गॅलरीत काढा. कपाटातल्या डांबरगोळ्या, उंदराचं औषध, कुंडीत टाकलेलं कीटकनाशक आणि फुलांच्या गुच्छातली लिली या चार गोष्टी मांजराच्या घरात नकोच. लिलीचे परागकण चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होतात.

दोन महिन्यांचं पिल्लू कालपर्यंत नाचत होतं. आज ओकतंय, पातळ शी होतेय, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलंय. काय झालं असेल?

पाण्याशी बसायचं पण प्यायचं नाही, ही खूण ऐकली की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं पॅनल्युकोपेनियाचं. काही लोक याला मांजराचा पार्वो म्हणतात, आणि विषाणू त्याच घराण्यातला आहे. तो आतड्याच्या आतल्या थरावर आणि अस्थिमज्जेवर घाला घालतो. पांढऱ्या पेशी कोसळतात, मग साधे जंतूही आत शिरतात. लस न दिलेली पिल्लं यात झपाट्याने जातात, कधी संध्याकाळी आजारी आणि सकाळी गेलेलं.

विषाणू मारणारं औषध नाही. सलाईन, ओकारी थांबवणारी इंजेक्शनं, अँटिबायोटिक आणि ऊब, यावर पिल्लाला तग धरायला लावायचा. पहिले काही दिवस निघाले तर आशा वाढते. घरात दुसरी पिल्लं असतील तर लगेच वेगळी करा. एका पिल्लाला हात लावून दुसऱ्याला उचलू नका, चपला आणि कपडेही बदला.

माणसांना हा आजार होत नाही.

लशी कोणत्या आणि कधी?

दोन प्रकार लक्षात ठेवा. पहिली ट्रायकॅट म्हणून ओळखली जाणारी तिहेरी लस: पॅनल्युकोपेनिया आणि मांजराच्या सर्दीचे दोन विषाणू, हर्पीस व कॅलिसी, यांच्यावर. पिल्लू ६ ते ८ आठवड्यांचं झालं की पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस १६ आठवड्यांचं झाल्यावर पडला पाहिजे. तो शेवटचा डोसच लोक चुकवतात. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण काही पिल्लांत तेवढे दिवस टिकतं आणि आधीची लस निष्प्रभ करतं, म्हणून त्याचं महत्त्व. दुसरी रेबीजची लस, तीन महिन्यांनंतर, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. ट्रायकॅटचा पुढचा बूस्टर साधारण वर्षभरात, त्यानंतर किती वर्षांनी ते मांजराच्या राहणीवर.

लशीनंतर दिवसभर सुस्ती, किंचित ताप चालतो. तोंड सुजणं, लागोपाठ उलट्या, श्वास लागणं दिसलं तर तसेच मागे फिरा.

मांजर घराबाहेर जातच नाही. मग लस कशाला?

विषाणू चपलेवरून येतो. आणि दार उघडं राहायचं ते एकदाच राहतं.

शिंका येतायत, डोळे चिकटलेत. आपल्यासारखीच सर्दी ना, जाईल आपोआप?

मोठ्या मांजराची साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत जातेही. पिल्लाची तशी धरू नका. हर्पीसमध्ये डोळ्यांवर व्रण पडतात आणि दुर्लक्ष झालं तर डोळा जातो. गल्लीत दिसणारी एका डोळ्याची मांजरं बहुतेक याचीच बळी. कॅलिसीमध्ये जिभेवर फोड येतात, लाळ गळते, खावंसं वाटतं पण तोंड लावून मागे सरतं.

दुसरी अडचण अशी की नाक बंद झालं की वास येत नाही, आणि वास आला नाही तर मांजर जेवत नाही. म्हणून खाणं कोमट करून द्या, वासाचं द्या, उकडलेला बांगडा किंवा चिकनचं पाणी. डोळे कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने, प्रत्येक डोळ्याला नवा कापूस घेऊन पुसा. न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ करून दहा मिनिटं मांजराला घेऊन बसा. व्हिक्स, बाम, निलगिरी अजिबात नको. घरात पडलेले डोळ्यांचे थेंबही नकोत, त्यात स्टेरॉइड असेल तर व्रण चिघळतो.

डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी दिली असेल तर मागून सिरिंजने थोडं पाणी पाजा. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली की तिथे जखम होऊन नळी आवळते. हे पाकिटावर कुणी लिहून देत नाही.

मांजर चावलं, नखं लागली. रेबीजचं इंजेक्शन घ्यायचं का?

आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. मग त्याच दिवशी डॉक्टरकडे. अनोळखी किंवा लस न झालेलं मांजर असेल तर नखाचा ओरखडाही धरायचा. लस सरकारी दवाखान्यात मिळते, आपल्याकडे सिव्हिलमध्ये. रक्त आलं असेल तर जखमेभोवती द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागू शकतं. मांजरावर दहा दिवस नजर ठेवता येते, पण त्यासाठी लस थांबवायची नाही. रेबीजची लक्षणं दिसल्यावर उपाय उरत नाही, मांजराला नाही आणि माणसालाही नाही.

रेबीज सोडलं तरी मांजराचा दात बारीक आणि खोल जातो. हात सुजून लाल झाला तर अँटिबायोटिक लागतंच.

सुनेला दिवस गेलेत. मांजर सोडून या म्हणतात सगळे. खरंच सोडायचं?

सोडू नका. भीती टोक्सोप्लाझ्माची असते आणि भीती खोटी नाही, पण ती मांजराला कुरवाळण्यात नाही. हा परजीवी मांजराच्या शीतून, तोही बहुधा आयुष्यात एकदाच, एक-तीन आठवडे पडतो. पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला त्याला किमान एक दिवस लागतो. म्हणजे ट्रे रोज साफ झाला तर धोका जवळपास संपतो, आणि ते काम सूनबाईंनी न करता मुलाने करावं. कच्चं मटण मांजराला घालू नका. खरा मोठा धोका अर्धकच्च्या मटणातून आणि मातीच्या भाज्यांतून असतो. मेथी-कोथिंबीर धुवायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही, मांजर तेवढं रस्त्यावर जातं.

दम्याचंही असंच. मांजराचा केस पोटात जाऊन दमा होत नाही. काही माणसांना मांजराच्या लाळेतल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असते. घरात कुणाला ती असेल तर डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आम्ही शाकाहारी. मांजर दूध-चपाती, दहीभातावर वाढतंय की!

वाढतंय असं दिसतं. मांजराचं शरीर मांसावर चालायला घडलेलं आहे. टॉरीन नावाचं द्रव्य त्याला स्वतः पुरेसं बनवता येत नाही आणि ते मांसात, मासळीत असतं. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो, हृदय फुगून ढिलं पडतं. मांजरांच्या या हृदयविकारामागे टॉरीनची कमतरता आहे, हे १९८७ साली सिद्ध झालं आणि त्यानंतर कारखान्यातल्या खाद्यात ते वाढवून घालायला लागले. दूध तर मोठ्या मांजरांना पचतच नाही बहुतेकदा, हगवण लागते.

घरात मांस शिजवायचं नसेल तर पाकिटातलं मांजराचं खाद्य द्या, त्यावर संपूर्ण आहार असं लिहिलेलं बघून. कुत्र्याचं खाद्य चालत नाही. आणि जे लोक नुसतं बिनहाडाचं चिकन उकडून घालतात, त्यांनाही सांगते: त्यात कॅल्शियम नाही. अशी पिल्लं तीन-चार महिन्यांची झाली की साध्या उडीने पाय मोडतो. चिकन उकडलेलं पाणी फेकू नका, बरंच टॉरीन त्यात उतरतं. शेंगाचटणी लावलेली भाकरी गंमत म्हणूनही नको. लसूण आणि कांदा मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात.

कानाच्या कडांना खपल्या, गोल चट्टे, सतत खाजवणं. करंजाचं तेल की घासलेट?

दोन्ही नको. घासलेट तर कधीच नको. कातडी भाजते, आणि चाटलं की फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. मांजराच्या अंगावर लावलेली प्रत्येक गोष्ट शेवटी पोटात जाते.

कानाच्या कडेपासून सुरू होऊन तोंडावर पसरणाऱ्या जाड राखाडी खपल्या म्हणजे लूत. कानाच्या आत काळपट कोरडी घाण आणि डोकं झटकणं म्हणजे कानातल्या किडी. गोल, केस गेलेला, कोंडा धरलेला चट्टा म्हणजे बहुधा गजकर्ण, आणि ते घरातल्या पोरांना लागतं. पोराच्या हातावर चट्टा उठला तर दोघांचे उपचार एकदम करा, नाहीतर एकमेकांना देत राहतील. पांघरुणं गरम पाण्यात धुवा, केस रोज झाडून काढा.

पिसवांसाठी मानेवर टाकायचे थेंब मिळतात. कुत्र्यासाठीचे थेंब मांजराला कधीही नको. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असलं की मांजराला झटके येतात. पाकिटावर मांजराचं चित्र आणि वजन बघूनच घ्या. पिसवा पिल्लाचं रक्त इतकं पितात की ते पांढरंफटक पडून मरू शकतं.

शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काहीतरी दिसलं.

पट्टकृमी. पिसू गिळली की येतो, म्हणून जंताचं औषध आणि पिसवांचा बंदोबस्त एकत्र. पोट डमरू झालेल्या पिल्लांत गोल जंत असतात. पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, मोठ्यांना साधारण तीन महिन्यांनी औषध.

उन्हाळ्यात काय करायचं? नळाला पाणी रोज येत नाही, मांजर बॅरलमधलंच पितं.

एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४३ च्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वाईट. उघड्या तोंडाने धाप, लाळ, लाल हिरड्या, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणं. सावलीत आणा, पोट-पंजे-कान साध्या पाण्याने भिजवा, पंखा लावा. बर्फ किंवा बर्फाचं पाणी नको. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. सावरल्यासारखं वाटलं तरी दवाखान्यात न्या, कारण आतल्या अवयवांचा त्रास नंतर दिसतो.

बॅरलवर झाकण हवंच, पिल्लं काठावरून आत पडतात आणि बाहेर येता येत नाही. पिण्यासाठी दोन-तीन रुंद मातीची भांडी ताटलीपासून लांब ठेवा, पाणी सकाळ-संध्याकाळ बदला. आठवड्याचं साठवलेलं असलं तरी मांजराला वाटीभरच लागतं, तेवढं गाळून द्या.

नसबंदी आजारासाठीही उपयोगाची आहे?

खूप. सहा महिन्यांच्या आत केली तर मांजरीला स्तनांचा कर्करोग होण्याची शक्यता फारच घटते, आणि गर्भाशयात पू होण्याचा आजार उरत नाही. "एकदा तरी व्यायला हवी" याला कसलाही आधार नाही. बोके भटकणं आणि भांडणं कमी करतात. भांडणात चावा लागला की वरचं छिद्र बुजतं आणि दोन-तीन दिवसांनी गळू येतं. एड्ससारखा मांजरांचा एफआयव्ही विषाणूही चाव्यातूनच पसरतो. माणसाला तो होत नाही.

म्हातारं मांजर एकदम खूप पाणी प्यायला लागलंय. चांगलंच ना?

नाही. जास्त पाणी, ट्रेमध्ये लघवीचे मोठे गोळे, कमी होणारं वजन: मूत्रपिंडं, मधुमेह किंवा थायरॉइड. रक्त-लघवी तपासा. सात-आठ वर्षांनंतर वर्षातून एकदा ही तपासणी करावीच. खाण्याशी येऊन परत फिरत असेल, एका बाजूने चावत असेल, तर दात बघायला सांगा.

पोट फुगलंय, आतमध्ये पाणी आहे. डॉक्टर एफआयपी म्हणाले. संपलं का सगळं?

काही वर्षांपूर्वी मी हो म्हटलं असतं. हा मांजरांचा कोरोना विषाणू अंगातल्या अंगात बदलून होणारा आजार, बहुधा दोन वर्षांच्या आतल्या मांजरांना. जीएस-४४१५२४ या औषधाने मांजरं बरी होतात हे २०१९ मध्ये अभ्यासातून पुढे आलं आणि चित्र पालटलं. नेहमीचा कोर्स ८४ दिवसांचा असतो, खर्चिक असतो, मध्ये रक्ततपासण्या लागतात. इथे सोय नसेल तर पुण्याच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायला तुमच्या डॉक्टरांनाच सांगा. वाट बघण्यात दिवस घालवू नका.

दवाखान्यात नेताना मांजर फाडून खातं. कसं न्यायचं?

वरून उघडणारी टोपली किंवा कॅरियर घ्या आणि तो चार दिवस आधीपासून घरात उघडा ठेवा. नेताना सोलापुरी चादर वरून टाका. अंधारात मांजर गप्प राहतं, आणि दवाखान्यातल्या कुत्र्यांचा चेहरा दिसत नाही. हातात धरून टू-व्हीलरवर कधीही नेऊ नका. सात रस्त्याला हॉर्न वाजला की मांजर हातातून जातं, ते परत सापडत नाही. जाताना मोबाइलवर त्रासाचा व्हिडिओ, ओकारीचा किंवा शीचा फोटो आणि लशीचं कार्ड असू द्या. टेबलावर गेल्यावर मांजर असं ताठ बसतं की डॉक्टर म्हणतात, हे तर ठणठणीत आहे. व्हिडिओ तिथे कामाला येतो.

पिल्लू पॅनल्युकोपेनियाने गेलं. नवं कधी आणू?

हा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो, फिनाईल-डेटॉलला दाद देत नाही. ब्लीचने मरतो: एक भाग ब्लीच, ३२ भाग पाणी, आधी फरशी साबणाने धुवून मग हे पाणी दहा मिनिटं राहू द्यायचं. दारं-खिडक्या उघड्या ठेवा आणि घरातली बाकी मांजरं तेवढा वेळ दुसरीकडे. ट्रे, खाजवायचा खांब, गादी, दोरीची खेळणी टाकून द्या, कुणाला देऊ नका. सोफा, गालिचा याला ब्लीच लावता येत नाही, म्हणून तिथे धोका उरतोच. आणायचंच असेल तर लशी पूर्ण झालेलं मोठं मांजर आणा. पिल्लूच हवं असेल तर ते आहे तिथेच, म्हणजे आईकडे किंवा सांभाळणाऱ्याकडे, राहू द्या. १६ आठवड्यांनंतरचा डोस झाला आणि वर दोन आठवडे गेले की घरी आणा.